फ्रान्समधल्या जिन्यातलं फ्रेंच

फ्रान्समध्ये नवं बिऱ्हाड थाटलं की पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एक परीक्षा होते, आणि ती व्याकरणाची नसते. दार उघडतं, आत एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या असतात. तुम्ही जरासं हसून, मान खाली घालून कोपऱ्यात उभे राहता. अनोळखी बाईंना उगाच कशाला बोलायचं, हा आपल्याकडचा सभ्यपणा. त्या बाईंच्या लेखी मात्र एक उद्धट माणूस तिसऱ्या मजल्यावर राहायला आला आहे.

चूक एकाच शब्दाची. आत पाऊल टाकताना ‘बोंझूर’ म्हणायचं आणि बाहेर पडताना ‘बॉन झूर्ने’, म्हणजे दिवस चांगला जावो. ओळख असो वा नसो. लिफ्ट, जिना, पत्रपेट्यांची जागा, कचऱ्याच्या डब्यांची खोली, सगळीकडे. संध्याकाळी पाच-सहानंतर ‘बोंस्वार’ आणि निरोपाला ‘बॉन स्वारे’. ‘बॉन न्वी’ झोपायला जाणाऱ्याला म्हणतात. रात्री आठला लिफ्टमध्ये कुणाला म्हटलंत तर समोरचा गोंधळेल. एका माणसाला दिवसातून एकदाच बोंझूर. दुपारी तोच पुन्हा भेटला तर ‘रबोंझूर’ किंवा नुसतं हसू पुरतं. पुन्हा नवं कोरं बोंझूर म्हटलं, तर सकाळची भेट तुम्ही विसरलात असं वाटतं.

बोंझूरच्या आधी काहीच येत नाही, ‘एक्स्क्यूज़े-म्वा’सुद्धा नाही. बेकरीत, टपाल कचेरीत, शेजाऱ्याच्या दारात, आधी बोंझूर, मग क्षणभर थांबून समोरून बोंझूर येऊ द्यायचं, मग काम. ‘मादाम’ किंवा ‘मस्यो’ जोडलं तर आणखी बरं, पण आडनाव लावायचं नाही. आपली सवय काकू, आजी, दादा अशी नाती जोडण्याची. फ्रेंचमध्ये परक्यासाठी तशी सोय नाही. ऐंशी वर्षांच्या आजीही मादामच.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्रांसेझमध्ये शिकलेल्यांची अडचण वेगळी असते. त्यांचं फ्रेंच बरोबर असतं, पण इस्त्री केलेलं. पुस्तकातलं ‘कोमां ताले वू?’ जिन्यात चुकीचं नाही, पण तिथे ऐकू येतं ‘सा वा?’. त्याचं उत्तर ‘सा वा, ए वू?’ एवढंच, तब्येतीचा पाढा वाचायचा नसतो. ‘आम्ही’साठी शिकवलेला ‘नू’ बोलण्यात फारसा येत नाही, त्याऐवजी ‘ओं’ म्हणतात. ‘झ न से पा’ (मला माहीत नाही) आक्रसून ‘शे पा’ होतं. हे ऐकून समजलं म्हणजे झालं. लगेच तसं बोलायची घाई नको. नवख्याने पूर्ण वाक्य बोललेलं लोकांना आवडतं.

दोन आवाज, एक घोळ

उच्चारांत सगळ्यात आधी एकच जोडी घोटावी. वरच्या मजल्यावरचा शेजारी ‘व्वाज़ँ द्यू दस्यू’, खालचा ‘व्वाज़ँ द्यू दसू’. इथे ‘यू’ असं लिहिलेला स्वर मराठीत नाही. जीभ ‘ई’ म्हणताना ठेवतो तिथेच ठेवायची, ओठ मात्र शिट्टी वाजवल्यासारखे पुढे काढायचे. मराठी कानाला दोन्ही शब्द जवळपास एकसारखे लागतात आणि तोंडातून दोन्ही वेळा ‘दसू’च निघतं. मग छतातून पाणी गळत असतं आणि इमारतीचा व्यवस्थापक, ज्याला ‘सँदिक’ म्हणतात, तो खालच्या घरात चौकशी करतो. आवाज जमेपर्यंत बोटाने वर दाखवावं, किंवा मजल्याचा आकडा सांगावा. मजले मोजण्याची पद्धत सुदैवाने आपल्यासारखीच आहे: तळमजला ‘रे-द-शोसे’, त्यावरचा पहिला. अनुनासिक स्वरांची भीती नको. ‘सिंह’ किंवा ‘संशय’ म्हणताना नाकातून जो आवाज निघतो, तोच धागा पुढे ओढायचा.

तू आणि तुम्ही

इंग्रजी बोलणाऱ्याला ‘त्यू’ आणि ‘वू’ समजावून सांगावं लागतं. मराठी माणसाला वाटतं, हे तर आपलंच. इथेच पाय घसरतो. आपल्याकडे हा जिना एकतर्फी असू शकतो: आजी नातवाच्या मित्राला ‘तू’ म्हणते, तो आजींना ‘तुम्ही’. फ्रेंच प्रौढांमध्ये दोन्ही बाजूंना सारखंच असतं. सत्तरीच्या बाई पंचविशीच्या मुलाला ‘वू’ म्हणतात; त्यात दुरावा शोधायचा नाही. ‘अहो, मला तू म्हणा’ असा आग्रह नवख्याने आणि वयाने लहान असलेल्याने करू नये. तो मान थोरांचा किंवा आधीपासून राहणाऱ्याचा. ते म्हणतील, ‘ओं पो स त्यूत्वाये?’, म्हणजे आपण एकमेकांना तू म्हणायचं का? उत्तर ‘आवेक प्लेज़ीर’, आनंदाने. लहान मुलांना सरळ त्यू.

इमारतीत ‘गार्द्यँ’ किंवा ‘गार्द्येन’ असेल, तर तिथे जपून. जिने झाडणं, डबे बाहेर काढणं, पार्सलं ठेवून घेणं ही त्यांची कामं, म्हणून आपल्या डोक्यात वॉचमनचं चित्र उभं राहतं आणि तोंडात एकेरी येतं. त्यांना वू आणि मादाम-मस्यो, चुकता नाही. पाणी बंद होणार का, खालची सायकल कुणाची, हे त्यांना आधी कळतं. वर्षाअखेरीस त्यांना पाकिटात ‘एत्रेन’, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पोस्तासारखी रक्कम, देण्याची रीत आहे, सक्ती नाही. तेव्हा शुभेच्छांची वेळही सांभाळा. ३१ डिसेंबरपर्यंत ‘बॉन फेत’, १ जानेवारी उजाडल्यावर ‘बॉन आने’, आणि ते पूर्ण जानेवारीभर चालतं.

दार कधी आणि कसं वाजवायचं

राहायला आल्यावर निदान समोरच्या, वरच्या आणि खालच्या घरी तोंडओळख करून घ्यावी. ते आपणहून येतील म्हणून वाट पाहू नका. नव्याने पुढे व्हायचं असतं. वेळ शनिवारी सकाळी साडेदहा ते बारा, किंवा आठवड्यात संध्याकाळी सहा ते सव्वासात. बारा ते दोन जेवण, साडेसातनंतर पुन्हा जेवण. रविवारी सकाळी टाळलेलं बरं. ऑगस्टमध्ये अर्धी इमारत सुट्टीवर असते, तेव्हा कुणी दार उघडलं नाही तर मनाला लावून घेऊ नये; सप्टेंबरात परत जा.

बेल एकदाच. दार उघडल्यावर अर्धं पाऊल मागे. मग तीन वाक्यं, याच क्रमाने. ‘बोंझूर मादाम, एक्स्क्यूज़े-म्वा द वू देरांझे.’ (त्रास देतोय, माफ करा.) ‘झ स्वी वोत्र नूवो व्वाज़ँ’, बाई असेल तर ‘वोत्र नूवेल व्वाज़ीन’. ‘झ व्यँ दांमेनाझे ओ त्र्वाज़्येम.’ (तिसऱ्या मजल्यावर नुकताच राहायला आलोय.) त्यानंतर आपलं नाव, सावकाश. दोन मिनिटांत निघा. आत बोलावलं नाही तर अपमान नाही. दारात उभं राहून बोलणं हीच तिथली पहिली भेट. बोलणं थोडं वाढवायचं असेल तर एक प्रश्न नेहमी चालतो: ‘सा फे लोंतां क वू ज़ाबिते इसी?’, इथे बऱ्याच वर्षांपासून राहता का? यावर लोक खुलतात. इमारतीचा इतिहास, जुन्या मालकाचं कुत्रं, बंद पडणारी लिफ्ट, सगळं बाहेर येतं.

पहिल्या भेटीत पगार, भाडं, धर्म, लग्न झालं का आणि मुलं किती, हे विचारू नये. नोकरी काय करता हेसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी राखून ठेवा. आपल्याकडे हे प्रश्न आपुलकीचे. तिथे पोलीस चौकशी. हवामान मात्र कधीही, कितीही. उकाडा असेल तर ‘इल फे लूर’, गारठा वाढला तर ‘सा से राफ्रेशी’.

काही मागायचं झालं तर ‘आहे का’ असं थेट विचारण्यापेक्षा ‘असेल का’. ‘वू ज़ोर्ये अँ तूर्नवीस, सिल वू प्ले?’, तुमच्याकडे स्क्रू ड्रायव्हर असेल का? ‘वू ज़ावे’ म्हटलं तरी अर्थ कळतो, पण ‘वू ज़ोर्ये’ कानाला मऊ लागतं. मराठीत ‘उसना’ हा शब्द देण्याला आणि घेण्यालाही चालतो. फ्रेंचमध्ये क्रियापदं दोन: ‘प्रेते’ म्हणजे उसनं देणं, ‘आंप्रँते’ म्हणजे उसनं घेणं. उलट वापरलं तर ‘मी तुम्हाला शिडी उसनी देऊ का?’ असं विचारून तुम्ही हात पुढे करता.

हो, नाही आणि मेर्सी

गैरसमज सगळ्यात जास्त इथेच होतात, म्हणून जरा थांबू.

कुणी विचारलं, कॉफी घेणार? तुम्ही हसून म्हणालात, ‘मेर्सी’. कॉफी येणार नाही. काही देऊ केल्यावर नुसतं मेर्सी म्हणजे ‘नको’. हवी असेल तर ‘वी, वोलोंत्ये’, हो, आवडेल. नको असेल तर ‘नों मेर्सी’ स्पष्ट. आपली रीत आधी दोनदा नको म्हणायची आणि तिसऱ्या आग्रहाला कप उचलायचा. तिथे तिसरा आग्रह येत नाही. पहिल्या नकाराला मान देणं हा त्यांचा सभ्यपणा, आणि तुम्ही उपाशी.

दुसरी खोच नकारार्थी प्रश्नाची. ‘तुम्ही मांस खात नाही ना?’ याला आपण म्हणतो, ‘हो, नाही खात.’ हा ‘हो’ फ्रेंचमध्ये नेला की घोटाळा. तिथे खात नसाल तर ‘नों, झ नां मांझ पा’. खात असाल तर ‘वी’ नाही, खास शब्द आहे: ‘सी’. ‘खातो की!’ मधला तो ‘की’. हाच नियम ‘वू नावे पा फ्र्वा?’, थंडी नाही ना वाजत, याला. वाजत असेल तर ‘सी’.

तिसरी परवानगीची. ‘सा वू देरांझ?’ म्हणजे याचा तुम्हाला त्रास होतो का? खिडकी उघडताना शेजारी हे विचारतो आणि आपण उत्साहाने ‘वी, वी’ म्हणतो. म्हणजे हो, त्रास होतो. हवं ते उत्तर ‘नों, पा द्यू तू’, अजिबात नाही.

गंमत म्हणजे काही फ्रेंच बोली मराठीत जशीच्या तशी सापडते. भेटवस्तू दिली की समोरचा म्हणतो, ‘इल न फाले पा!’, आपलं ‘अहो, कशाला आणलंत!’. नाराजी नाही ती. ‘सा मार्श’ म्हणजे शब्दशः ‘चालतं’, आणि वापरही ‘चालेल’सारखाच. ‘ओं वेरा’ म्हणजे ‘बघू’, आणि आपल्या ‘बघू’प्रमाणेच त्यात बरेचदा नकार दडलेला. ‘आ बों?’ ऐकून काही चांगलं म्हणताहेत असं वाटतं, पण ते आपलं ‘हो का?’. दोन आठवड्यांना ‘कँज़ झूर’, पंधरा दिवस. आणि आठवड्याला ‘वी झूर’, आठ दिवस. आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेच. प्लंबर ‘वी झूर’ म्हणाला, तर पुढच्या आठवड्यात तोच वार धरा.

फोन नंबर घेताना मात्र कागद पुढे करा. फ्रेंच नंबर दहा आकडी, दोन-दोनच्या जोड्यांत सांगतात, आणि ७२ म्हणजे ‘स्वासांत-दूज़’, साठ-बारा. ‘स्वासांत’ ऐकून तुम्ही ६ लिहिता आणि मग खोडरबर शोधता. ८० म्हणजे ‘कात्र-वँ’, चार वीस. खेड्यातल्या जुन्या माणसांचं ‘चार विसा’ आठवलं तर हे लवकर बसतं. ९७ मात्र चार वीस दहा सात. त्यालाही सरावाने कान बसतो, तोपर्यंत कागदच बरा.

लाडू घेऊन जाताना

दिवाळीला डबा देणं हा ओळख वाढवायचा उत्तम मार्ग, पण सोबत माहिती द्यावी लागते. देण्यापूर्वी विचारा, ‘वू ज़ेत आलेर्झीक आ केल्क शोज़?’, कशाची अ‍ॅलर्जी आहे का? काजू-बदामांना ‘फ्र्वी आ कोक’, शेंगदाण्यांना ‘काकाव्हेत’. बेसनलाडवाचं वर्णन चार शब्दांत बसतं: ‘फारीन द प्वा शीश’ (चण्याचं पीठ), ‘बर क्लारिफ्ये’ (तूप), ‘स्यूक्र’, ‘कार्दामोम’. शेवटी ‘से फे मेज़ों’, घरचं आहे, याचं तिथे फार कौतुक. चिवडा-चकली देताना तिखट असेल तर ‘सा पीक अँ पो’ सांगाच. आपल्याला ‘अगदी सौम्य’ वाटणारी चकलीही त्यात धरा. एका घरी तीन-चार नग पुरे. डबाभर दिलं तर त्यांच्यावर ओझं येतं. डबा रिकामा परत आला तर राग धरू नये. रिकामं भांडं परत करू नये हा आपला नियम.

इथे एक शब्द जपून. ‘यात प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत’ हे सांगायला इंग्रजीवरून ‘प्रेज़ेर्वातीफ’ म्हणू नका. त्याचा अर्थ निरोध. लोणच्याची बरणी हातात धरून हे वाक्य बोललं की ओळख नक्की होते, हवी तशी होत नाही. योग्य शब्द ‘सां कोंसेर्वातर’.

त्यांच्याकडे ‘आपेरो’ला बोलावणं आलं तर ते जेवण नव्हे: संध्याकाळी सात वगैरे, पेय, ऑलिव्ह, चीज, खारे पदार्थ, गप्पा. दहा-पंधरा मिनिटं उशिरा जाणं शिष्टाचाराचं. वेळेआधी जाणं नाही. हातात काहीतरी हवं: वाइन, चॉकलेट किंवा फुलं. शेवंती टाळा, ‘क्रिझांतेम’ तिथे १ नोव्हेंबरच्या सुमारास थडग्यांवर वाहतात. शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगा, आणि नुसतं ‘वेझेतार्यँ’ म्हणून थांबू नका, कारण पुष्कळांच्या मनात मासे त्यात बसतात. पूर्ण वाक्य: ‘झ न मांझ नी व्यांद नी प्वासों.’ अंडी खात नसाल तर पुढे ‘नी ओ’. कीश या खाऱ्या टार्टमध्ये ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे नेहमीचे. ते मांस आहे हे यजमानाच्या लक्षात येईलच असं नाही. पोट भरलं हे सांगायला ‘झ स्वी प्लँ’ म्हणू नये. त्याचे अर्थ प्यायलेला किंवा गाभण जनावर असे निघतात. ‘झे ब्यँ मांझे, मेर्सी’ पुरे. गालाला गाल लावण्याची ‘बीझ’ सुरू झाली तर पुढाकार त्यांना घेऊ द्या. कुठे दोन, कुठे तीन, काही भागांत चार. हात पुढे केला तरी कुणी वाईट मानत नाही.

आवाज आणि वास

साधारण रात्री १० ते सकाळी ७ या वेळेतल्या गोंगाटाला कायद्यात ‘तापाझ नोक्त्यूर्न’ म्हणतात आणि त्यावर दंड होतो. घरी पाहुणे येणार असतील तर दोन-तीन दिवस आधी लिफ्टपाशी चिठ्ठी लावतात: तारीख, किती वाजेपर्यंत, मजला, नाव, फोन नंबर. चिठ्ठी लावली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, पण शेजारी पोलिसांआधी तुम्हाला फोन करतो. ड्रिल मारण्याच्याही ठरावीक वेळा असतात, रविवारी तर फारच थोड्या. त्या गावानुसार बदलतात, म्हणून नगरपालिकेच्या नियमांत बघून घ्या.

आपल्या घरांतले खास आवाज म्हणजे कुकर, मिक्सर आणि खलबत्ता. कुकर फ्रेंचांना नवा नाही. सेब कंपनीचा ‘कोकोत-मिन्यूत’ १९५३ पासून घरोघरी आहे. पण तो सुईईई करत सलग वाफ सोडतो, आपल्यासारखी एकदम शिट्टी मारत नाही. सकाळी सातच्या आत चार शिट्ट्या झाल्या की वरचे दचकतात. एकदा जिन्यात ‘से मा कोकोत-मिन्यूत’ म्हणून हसून सांगितलं की तो विषय मिटतो. खलबत्ता ओट्यावर, खाली चौपदरी टॉवेल घालून. फरशीवर नको, लाकडी जमिनीतून प्रत्येक ठोका खाली पोचतो. फोडणीच्या वेळी जिन्याकडचं दार बंद ठेवा. हिंगाला तिथे चाहते कमी.

त्रास तुम्हाला होत असेल तर पहिली चिठ्ठी, पहिला फोन किंवा सँदिककडे तक्रार, यांतलं काहीच नको, आधी दार. ‘बोंस्वार, एक्स्क्यूज़े-म्वा द वू देरांझे. वू पुर्ये बेसे अँ पो ला म्यूज़ीक, सिल वू प्ले?’ ‘पुर्ये’ म्हणजे ‘कराल का’, आणि ‘अँ पो’ हे आपलं ‘जरा’. दोन्ही गाळले की हुकूम होतो.

वर्षातला एक शुक्रवार

इतकं करूनही ओळखी जिन्यापुरत्या राहिल्या, तर ‘फेत दे व्वाज़ँ’ची वाट पाहा. पॅरिसच्या सतराव्या विभागात आतानाझ पेरिफां यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हा शेजाऱ्यांचा सण आता देशभर साजरा होतो, बहुधा मे महिन्याच्या अखेरच्या एखाद्या शुक्रवारी. अंगणात टेबलं मांडतात, प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो. साधारण दोन आठवडे आधी पत्रपेट्यांजवळ सूचना लागते; नाही लागली तर गार्द्येनला विचारा. तुम्ही न्यावं ते हातात धरून खाता येईल असं: छोटे बटाटेवडे, कोथिंबीर वडी, सालपापडी. शेजारी चिठ्ठीवर पदार्थाचं नाव आणि त्यात काय काय आहे ते लिहा. चमचा-वाटीचे पदार्थ तसेच राहतात, कारण लोकांच्या एका हातात पेला असतो. मांडामांडीला तासभर आधी खाली उतरा. खुर्च्या उचलताना जेवढं फ्रेंच बोललं जातं, तेवढं टेबलाशी बसून होत नाही. विचारायचं वाक्य ‘झ पो वू ज़ेदे?’, मदत करू का?

त्या संध्याकाळी कुणीतरी ‘ओं स त्यूत्वा’ म्हणतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये तोच माणूस भेटला की संकोचाने ‘वू’वर परत जाऊ नका. काल तू आणि आज तुम्ही, याचा अर्थ रात्रीतून काहीतरी बिनसलं असा घेतला जातो. ‘सालू, त्यू वा ब्यँ?’ म्हणा आणि त्याच्या मजल्याचं बटण दाबा.